नथ्थूजींची उतरण

सरकारी नोकरीत माझ्या हातून झालेल्या चुकांचा वेगळा बस्ता बांधायचा म्हटला, तर अकोल्याच्या कचेरीत एक अख्खी फळी रिकामी करावी लागेल. एका गावाचा नकाशा मी उलटा नकलून दिला होता. त्या गावची नदी दोन वर्षं कागदावर डोंगराकडे वाहत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. पण एक चूक अशी झाली की तिच्यापायी एका माणसाची नोकरी गेली, आणि तो माणूस सुटला. कुणाचं भलं करण्याचा माझ्या हयातीतला तेवढाच प्रसंग. तोही मला न कळता घडला, म्हणूनच बहुधा नीट पार पडला.

त्या माणसाचं नाव नथ्थूजी.

वऱ्हाडची मालकी निजामाची, अंमल इंग्रजांचा, हुकूम नागपूरचा आणि घाम आमचा, अशा व्यवस्थेचे ते दिवस. मी अमरावतीचा. मामांच्या ओळखीनं अकोल्याला नकलनवीस म्हणून चिकटलो होतो. नथ्थूजी तिथं मोहाफीज, म्हणजे निकाली निघालेल्या कागदांचे रखवालदार. दफ्तरखाना कचेरीच्या मागच्या अंगाला होता. जाड दगडी भिंती, उंचावर एक झरोका, आणि कागदाला आग लागू नये म्हणून आत दिवा न्यायला बंदी. बाहेरच्या उन्हातून आत पाय टाकला की डोळ्यांवर कोणी ओला हात ठेवल्यासारखं होई.

मी दारात उभा राही. आत कोणी दिसत नसे. मी तोंड उघडायच्या आत अंधारातून एक हात पुढं येई आणि त्या हातात मला हवा तोच कागदांचा बस्ता असे. हातामागचा माणूस मागाहून दिसू लागे. पहिल्या खेपेला माझ्या हातातली दौत पडली.

"नंबर तर मी अजून सांगितलाच नाही!"

"पायरीवरून घोकत येता ना तुमी. बाजारात बी ऐकू जाते."

मी शरमलो. पुढच्या खेपेला ओठ घट्ट मिटून गेलो. तरी हात आला, आणि त्यात बरोबर तोच बस्ता होता. याचं कारण मी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारण्याइतकी अक्कल मला तेव्हाही होती.

नथ्थूजींच्या चालीचा आवाज होत नसे. दफ्तरखान्यात शिरताना ते बाहेरच्या मटक्यातल्या पाण्यानं पाय धूत आणि अनवाणी आत जात. कचेरीचे वरिष्ठ शिरस्तेदार म्हणत, "मोहाफीज दफ्तरखान्यात नाही, देवळात जातो." आत असताना ते कोणाला नावानं हाक मारत नसत. आणि बस्त्याला गाठ मारत ती इतकी सैल, की महिन्यातून दोन-तीन बस्ते आपोआप सुटून खटल्यांचे कागद एकमेकांत मिसळत. शिरस्तेदार एकदा चिडून म्हणाले, "अहो, घट्ट बांधा की जरा!"

"सवय हाय साहेब. वेलाले आवळून बांधत नसतात. वाढाले जागा ठेवा लागते."

"कागदाला कुठं वाढायचंय?"

नथ्थूजी हातातल्या बस्त्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

तेव्हा कळलं, की ते अंजनगावच्या अलीकडच्या एका गावच्या पानमळेवाल्यांचे. खायचं पान पिकवणाऱ्या बारी लोकांत सरकारी खुर्चीवर बसलेला त्या गावातला हा पहिला माणूस. घरी एक म्हातारी माय. लग्न केलं नव्हतं. अकोल्यात एका खोलीत एकटे राहत. तीन वर्षांत मी त्यांना मोठ्यानं बोलताना ऐकलं नाही, हसताना तर नाहीच.

आता माझी चूक सांगतो.

शनिवार होता, कचेरी अर्धा दिवस. चपराशी रजेवर, म्हणून दफ्तरखान्याची किल्ली माझ्याकडे. मला बडनेऱ्याची गाडी गाठून घरी अमरावतीला जायचं होतं. घरी पुरण शिजत होतं. मी दारातून आत डोकावलो आणि ओरडलो, "कोणी आहे का आत?" कोणी बोललं नाही. कुलूप ठोकलं आणि स्टेशनकडे धावलो.

सोमवारी सकाळी दार उघडलं. झरोक्यातून उजेडाची एक तिरीप खाली आली होती. तिच्या टोकाशी, भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन नथ्थूजी बसले होते. डोळे उघडे.

मी किंचाळलो नाही, असं सांगायला मला आवडलं असतं.

"सोमवार झाला?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"नथ्थूजी! तुम्ही... शनिवारपासून? अहो, हाक का नाही मारली? दार का नाही ठोठावलं?"

ते उठले. अंग झाडलं. मला वाटलं, आता हे शिरस्तेदारांकडे जाणार आणि माझी नोकरी जाणार. पण ते फळ्यांकडे बघत राहिले आणि एखादं गुपित सांगावं तसं म्हणाले, "दोन दिस ऐकत बसलो. कान लावून. काहीच वाढत नाही हो इथं."

मला त्यांच्या अंगावरून थंडगार वारा आल्यासारखा वाटला. दार माझ्या मागं होतं आणि बाहेर अकोल्याचं ऊन होतं, तरीही.

त्याच दिवशी त्यांनी महिन्याची रजा मागितली. कारण लिहिलं, 'वेल उतरवणे आहे.' रजा मंजूर झाली. महिना सरत आला तरी नथ्थूजींचं ना पत्र, ना निरोप. शिरस्तेदारांनी मला बोलावलं. "वसंता, तू त्याच्याशी बोलायचास ना? हा कागद घेऊन जा. सोमवारी कामावर हजर व्हायचं, नाहीतर राजीनाम्यावर सही. तिसरं काही घेऊन परत येऊ नकोस."

राजीनाम्यात कारणाचा रकाना असतो. त्यात नथ्थूजींनी 'दोन दिवस कोंडला गेलो' एवढं लिहिलं असतं तरी माझी उचलबांगडी ठरलेली. म्हणजे मी त्यांना परत आणायला निघालो तो त्यांच्या काळजीनं नव्हे. हे खरं सांगितलेलं बरं.

अकोटवरून मोटारीनं गेलो आणि पुढं दोन कोस चाललो. उघड्या काळ्या रानात तो मळा दुरूनच दिसला, एखादी हिरवी पेटी झाकण लावून ठेवावी तसा. चारी बाजूंनी केळी आणि गवताच्या तट्ट्यांचं कुंपण. वारा सुटला होता, रानातलं गवत आडवं होत होतं, पण मळ्याचं पान हलत नव्हतं. कुंपणाला लागून घर, आणि ओट्यावर नथ्थूजींची माय बसलेली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हापिसातले काय?"

"हो. नथ्थूजींना न्यायला आलो."

"बरं झालं बाप्पा!" ती एकदम उठलीच. "घेऊन जा त्याले. मी सांगून सांगून थकली. याचा बा याच मळ्यात गेला. उतरणीच्या दिसात. वेल पुरता पुरता लवंडला. हात मातीत होता कोपरापातुर. लोकायनं ओढला तं निघेना. चार जनाले घाम फुटला. तवाच म्या पोराले सांगतलं, खुर्चीवर बसून मर, पन मळ्यात पाय टाकू नोको. तवापासून मी बी टाकला नाही."

"मग इतकी वर्षं मळा कोण बघत होतं?"

"बटईनं दिला होता, अर्ध्या वाट्यावर. तीन जन आले, तीन बी पयाले. म्हनत, आमी सकायी जातो तं आमच्या आंधीच कोनी वेल बांधून जाते." तिनं पदर ओठांशी धरला. "मालूम नाही बाप्पा. मी पाह्यलं नाही."

मी कागद काढून सांगितलं, सोमवारपर्यंत हजर झाले नाहीत तर खुर्ची गेली. तिनं हात जोडले. "एवढं करा. तो माह्या शब्दाबाहेर नाही, पन माहं तोंड पाहिलं की खाली मान घालून मळ्यात घुसते. मी आत जाऊ शकत नाही. तुमी जा."

मग आत जायचे नियम सांगितले. आंघोळ करा. चामड्याची वस्तू बाहेर ठेवा. ओल्या पायानं जा. आणि आत गेल्यावर कोणाले नावानं हाक मारू नोका.

"का?"

"ओ कोन देईन, याचा नेम नाही."

माघाची थंडी होती. मी विहिरीवर कुडकुडत आंघोळ केली, नथ्थूजींचं एक आखूड धोतर नेसलो आणि गुडघे उघडे टाकून, हातात सरकारी कागद धरून पानमळ्यात शिरलो. सरकारचा इतका हास्यास्पद प्रतिनिधी वऱ्हाडात त्याआधी कोणी पाहिला नसेल.

आत गेल्यावर हसू राहिलं नाही.

आत ऊन नव्हतं. हिरवा अंधार होता. शेवरीच्या आणि पांगाऱ्याच्या सरळ खोडांच्या रांगा, प्रत्येक खोडावर वेल चढलेला, वर सगळ्यांचं एक छत. पाण्याचा आणि पानांचा तिखटसर वास. माझाच श्वास मला शेजारी कोणी घेत असल्यासारखा ऐकू येत होता. मी एका रांगेतून दुसरीत गेलो, दुसरीतून तिसरीत. सगळ्या सारख्या. वळून पाहिलं तर शिरलो ती वाट दिसेना. दूर कुठंतरी पान खुडल्याचा 'टक्' असा आवाज येई. मी तिकडे गेलो की तो दुसरीकडून येई.

आणि मग मी नेमकं तेच केलं, जे करू नका म्हणून सांगितलं होतं. घाबरलेल्या माणसाला नियम आठवतो तो मोडल्यावर.

"नथ्थूजीऽऽ!"

माझ्या पाठीमागं, अगदी जवळ, कोणीतरी खाकरलं. म्हाताऱ्या, पान खाल्लेल्या गळ्याचा आवाज आला, "ओ... येतो."

मी गर्रकन वळलो. कोणी नव्हतं. समोरच्या वेलाला लव्हाळ्याची नवी, सैल गाठ होती आणि गाठीचं टोक अजून हलत होतं. मळ्यात वारा शिरत नव्हता, हे मी आधीच सांगितलं आहे.

मग लांबून, समोरून, नथ्थूजींचा ओळखीचा हळू आवाज आला. "ओ. तिथंच थांबा. हालू नोका."

ते रांगेतून आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. कचेरीत वाकलेला असे तो माणूस ताठ होता. अंगावर पानांची हिरवी छाया, आणि उजव्या अंगठ्यावर पान खुडायची लोखंडी नखी. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी विचारलं, "आवाज कोनत्या बाजूनं आला?"

"म... मागून."

त्यांनी मान डोलावली. मी जणू पाऊस कुठून आला ते सांगितलं होतं. ते खाली बसले आणि हातातलं काम पुढं करू लागले.

ते काम मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. वेल खोडाच्या टोकाला पोचला की त्याला पुढं जागा नसते. मग त्याच्या गाठी सोडून तो अख्खाच्या अख्खा खाली उतरवतात. जुन्या, पानं गेलेल्या वेलाचं वेटोळं करून खोडाच्या बुडाशी खड्ड्यात ठेवतात, वर माती लोटतात, आणि हातभर शेंडा तेवढा बाहेर ठेवून पुन्हा नव्यानं वर चढवतात. याला उतरण म्हणतात. नथ्थूजी दोन्ही हातांनी वेटोळं मातीत निजवत होते. निजवून झालं की तळहातानं वरून थोपटत.

"जित्या वेलाले पुरता?" मी विचारलं.

"दरवर्षी. नाही पुरला तं मरते." त्यांनी माती सारखी केली. "टोकाले पोचला की त्याले वाटते, झालं आपलं. पाहाले गेलं तं तिथूनच सुकाले लागते."

मी कागद पुढं केला. त्यांनी हात न लावता वाचला.

"अहो," मी म्हणालो. माझ्याच्यानं राहवेना, आणि त्या जागेत खोटं बोलायची भीतीही वाटत होती. "त्या शनिवारी कुलूप मी लावलं होतं."

"मालूम हाय. कुलूप लावताना तुमी नाक ओढता."

"मग ओ का नाही दिली? मी विचारलं होतं, कोणी आहे का म्हणून!"

"म्हनूनच नाही देल्ली. म्हटलं पाहू तरी, हाय का मी." ते मागं टेकून बसले. "दोन दिस गेले. एका बी मानसाच्या ध्यानात आलं नाही का नथ्थू नाही. सोमवारी बी तुमी कागद घ्याले आले होते, मले शोधाले नाही. अन् इथं? परवा माहा पाय चुकून एका वेलावर पडला. तीन दिस मान टाकून होता. मी समोर गेलो की पानं फिरवून घ्याचा. खोटं नाही सांगून राह्यलो."

मी खोटं समजलोही नव्हतो. माझ्या खांद्याजवळचं पान मघापासून माझ्याकडे वळलं होतं, असा मला दाट संशय होता.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी मागच्या बाजूला न पाहता मागच्या बाजूकडे बोट केलं.

"हापिसात वाटे. तिथं कोनीच नव्हतं."

"मग करा राजीनाम्यावर सही."

इथं मात्र त्यांचा हात थांबला. पहिल्यांदाच चेहरा पडला. "खुर्ची सोडनार नाही म्हनून मायले शब्द देल्ला होता. तिनं हो म्हटलं तं सही. नाही म्हटलं तं सोमवारी येतो अकोल्याले. उतरण अर्धी झाली हाय. अर्ध्यात सोडली तं उघडे पडलेले सारे वेल आठ दिसात जातीन. मंग पुन्हा लावाले बेनं बी नाही अन् मी बी नाही. पन तिचं मन मोडून मले इथं बसता येनार नाही. तुमी इचारा तिले. मी इचारलं का ती रडते."

त्यांनी दाखवलेल्या रांगेतून मी बाहेर आलो. डोकं चालू होतं, आणि माझं डोकं चालू लागलं की समजावं, काही खरं नाही. मी हिशेब केला. नथ्थूजी परत आले तर राजीनाम्याचा रकाना नाही, रकाना नाही तर मी सुरक्षित. म्हातारीला आणखी थोडं भिववलं की ती ओढून बाहेर काढील पोराला. आणि भिववायला मला काही रचायचीही गरज नव्हती.

ओट्यावर बसलो, पाणी प्यालो, आणि डोळे मोठे करून सांगितलं. "माय, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मळ्यात कोणीतरी आहे. मी नथ्थूजींना हाक मारली. ओ मागून आली. मागं माणूस नव्हता."

ती भाकर थापत होती. हात थांबला.

"ओ देल्ली?"

"हो! 'येतो' म्हणाला!"

"आंधी खाकरला का?"

खाकरण्याचं मी सांगितलं नव्हतं.

"...खाकरला."

मी वाट पाहत होतो की ती आता किंचाळेल, धावत सुटेल. ती तशीच बसून राहिली. तव्यावरची भाकर करपू लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिच्या सुरकुत्यांत कुठूनतरी एक लाजरं असं काही आलं. तसं मी त्या वयाच्या बाईच्या तोंडावर पुन्हा पाहिलं नाही.

"हा लहान होता ना," ती म्हणाली, "शाळेत जा म्हनून मी कुंपनापासून हाक मारो. हा वेलायत दडून बसे. अन् ओ याचा बा द्याचा. खाकरून. 'येतो' म्हने. मी आपली वाट पाहत राहो. येत कोनीच नसे. दोघं बी लबाड." तिनं करपलेली भाकर हातानंच उचलली. चटका लागला असेल, दिसला नाही. "इतकी वर्षं मले वाटे का त्या मळ्यानं माह्या मानसाले खाल्लं. तो तं पोरासाठी ओ देत बसला हाय."

"अहो पण माय, सोमवारी हजर..."

"काहून धाडू मी त्याले अकोल्याले? तिथं एकटाच असते तो." आणि कुंपणाकडे तोंड करून तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, "कर रे सही! अन् जेवाले ये!"

त्या हाकेत नाव नव्हतं.

अशा तऱ्हेनं, ज्याला परत आणायला मी गेलो होतो त्याची मी माझ्याच तोंडानं सुटका केली. नथ्थूजी आले, पाय धुतले, मांडीवर कागद ठेवून सही केली. नखी अंगठ्यावर तशीच होती, तिच्यामुळे कागद जरा फाटला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'काम आहे.' माझा जीव भांड्यात पडला.

मायनं ओसरीत तीन पाट मांडले, तीन ताटं ठेवली. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. सकाळपासून उपाशी असलेला मी मधल्या पाटावर बसलो.

"तो नाही बाप्पा," ती हळूच म्हणाली. "इकडं बसा."

मी उडी मारून कडेला सरकलो. नथ्थूजी पलीकडच्या पाटावर बसले. मधल्या ताटात तिनं आमच्याइतकंच वाढलं आणि चुलीपाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसली. मी मान खाली घालून भरभर जेवू लागलो. भर दुपारचं ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं होतं. घास गिळता गिळता डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, की नथ्थूजींनी डाव्या हातानं पाण्याचा तांब्या मधल्या ताटाकडे सरकवला आणि थोडं अंग चोरून घेतलं, शेजारच्याच्या कोपराला जागा करून द्यावी तसं.

आणि मग ते हसले. तोंडात घास असताना, मान मागं टाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मी काही बोललो नव्हतो. कोणीच काही बोललं नव्हतं.

माय चुलीकडेच पाहत होती. तिनं विचारलं, "काय म्हनते?"

"इचारून राह्यला," नथ्थूजी हसू आवरत म्हणाले, "का हापिसातले पाव्हने एवढे घाईनं काहून जेवून राह्यले." आणि मधल्या पाटाकडे वळून पुन्हा हसू लागले.